चंद्रीची खोली

भैयाजी : …आणि ही मागची खोली. घर विकाचं म्हटलं तं मले हिचंच जास्त वाईट वाटून राह्यलं, रुपरावजी. हवा पाहा, वर पंखा पाहा!

गोपिका : पंखा दिसला जी. पण जमिनीत हा खुंटा काहून?

भैयाजी : तो होय… कपडे वाळत घालाले.

गोपिका : गुडघ्याएवढ्या खुंट्यावर? कोणाचे कपडे?

रुपराव : तू जागा पाह्य वं आधी. बाबाचा हातमाग बसते का इथं?

गोपिका : बसते ना. पायाच्या खड्ड्यालेही जागा हाय. भैयाजी, आमचा घरमालक जमीन खोदू देत नाई. माग खोलून ठेवला तवापासून आमचे सासरे, मामाजी, जेवताना बी पाटावर बसून माग चालवल्यासारखे पाय हलवतात.

भैयाजी : मंग इथं खोदा ना बिनधास्त!

रुपराव : पण भैयाजी, नकाशात तं दोनच खोल्या हायेत. बैठक अन् सैपाकाची. ही तिसरी कुठून आली?

भैयाजी : ही… ही खोली नाईच ना. हा गोठा हाय.

(मागच्या दारातून एक तांबडी गाय आत येते आणि थेट पंख्याखाली जाऊन उभी राहते.)

गोपिका : अगं बाई! मालकीण आली वाटते.

भैयाजी : चंद्री, बाहेर! आयकत नाई… आता काय लपवू तुमच्यापासून? पोराच्या लग्नासाठी घाईत बांधली खोली. मंजुरी काढाले वेळच नव्हता. लग्न झालं अन् नकाशावाले साहेब दारात! म्या गाय आत आणून बांधली. म्हटलं, साहेब, गोठा हाय.

रुपराव : मानलं त्यायनं?

भैयाजी : वर पाह्यलं ना! म्हणे, गोठ्याले पंखा? म्हटलं, साहेब, नागपूरचा मे महिना गायीले सोडते का?

गोपिका : अन् नवरदेव-नवरी?

भैयाजी : ते झोपले बैठकीत. चंद्री निघालीच नाई ना मंग! बाहेर बांधली का रातभर हंबरे. शेजारचे बाबनराव काठी घेऊन येत. तिच्यासाठी नाई, माझ्यासाठी.

रुपराव : मंग तिले संगं घेऊन जा ना आता.

भैयाजी : पोराचं क्वार्टर भिलाईले, तिसऱ्या मजल्यावर. गाय जिना चढत नाई गा. म्या ओट्यावर चढवून पाह्यली. ओट्यावरच बसली. घर घ्या, अन् हिले सांभाळा. बाजारात उभी नका करू, एवढंच.

रुपराव : चाल वं, दुसरं घर पाहू. उद्या ही खोली पाडली तं बाबाचा माग उघड्यावर. खड्डा काही उचलून नेता येत नाई.

गोपिका : थांबा जी. भैयाजी, बैठक तं मंजूर हाय ना?

भैयाजी : शिक्क्यासकट!

गोपिका : मंग माग बैठकीत.

भैयाजी : बैठकीत खड्डा? अन् पाहुणे आले तं?

गोपिका : काठावर बसतील. मामाजीले बोलाले माणूस भेटंल.

रुपराव : अन् आपण कुठं झोपाचं?

गोपिका : इथं.

रुपराव : गोठ्यात?

गोपिका : पंख्याखाली.

रुपराव : अन् पाडाले आले तं?

गोपिका : उन्हाळ्यात या म्हणा. तवा आपण आंगणातच झोपतो.

रुपराव : पावसाळ्यात आले तं?

गोपिका : तं आपण भिजू. मामाजी नाई भिजत.

रुपराव : …भैयाजी, उद्या बाबाले घेऊन येतो. खड्डा कुठं खोदाचा, ते त्यायलेच ठरवू द्या.

भैयाजी : या, या! खुशाल या. बाई, एक सांगू का?

गोपिका : सांगा ना.

भैयाजी : रातच्याले पंखा एकवरच ठेवजा. दोनवर केला तं तिचे कान थंड पडतात.