सकाळी सातचा मारवा

—नाही, कृतिका, तो हॉस्पिटलचा फॉर्म आधी बाजूला ठेव. ‘संगीतोपचाराने पेशंटला फायदा झाला का’ — अगं, काल तेरावं झालं ह्यांचं! बस, बस, घाबरू नकोस, तुला पाठवलं म्हणून आलीस, समजतं मला. लकव्यानं ह्यांची वाचा गेली, हृदय आधीच कमजोर, डॉक्टर म्हणाले रोज अर्धा तास शांत संगीत ऐकवा, नाडी ठिकाणावर येईल, आणि त्यासाठी हॉस्पिटलनं तुला धाडलं. येते ना, खोटं नाही ते — मी गायचे तेव्हा माझीही धडधड अशीच खाली बसायची. पण तू लावलंस काय? सकाळी सातला मारवा! दिवस बुडतानाचा राग, पोरी. तुझ्या मोबाईलवर ‘मन शांत करणारे राग’ म्हणून आला, तू लावलास. ह्या माणसानं उभ्या जन्मात वेळ सोडून राग ऐकला नाही. नाडी शंभराच्या वर — तू म्हणायचीस, आंटी, टाइम लगेगा. हे डावा हात गादीवर आपटायचे, नको, नको म्हणून — आणि तू खूश, अंकल ताल दे रहे हैं! आवाज वाढवायचीस.

मला? कळलं होतं ना मला, पहिल्याच सकाळी. का नाही सांगितलं? — धारला नणंदेच्या लग्नात, बेचाळीस वर्षं झाली, मी नवी सून, सगळ्यांनी आग्रह केला म्हणून भर दुपारी संध्याकाळचा यमन घेतला. दोन ओळी झाल्या नसतील, ह्यांनी पेटीचा भाता धरून बंद केला. “विनोदिनी, दुपारी यमन? माहेरी हेच शिकवलं?” हसले सगळे. देवासला घरी परत आले ती गप्पच. आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवले मी, आणि ह्यांनी एकदा, एकदासुद्धा विचारलं नाही, का गं, गात का नाहीस?

तू विचारायचीस, अंकल को पसंद है ना? — हात आपटत माझ्याकडेच बघत असायचे ते, डोळ्यांत पाणी — आणि मी म्हणायचे, हो, बहुत. सहा दिवस म्हटलं. रोज वाटायचं, अजून एक सकाळ होऊ दे, मग सांगते. सातव्या दिवशी — हृदय कमजोर होतंच. डॉक्टरच म्हणाले. होतंच ना गं? …बघतेस काय अशी? ऊठ. ऊठ, जा तू. दार ओढून घे.