बाबांचं उडालेलं नाटक

अहो, राज्याचे दोन भाग होत होते ना, तेव्हाची गोष्ट. बाबा ऑफिसात दिवसभर फायली वेगळ्या करायचे: ही आंध्राची, ही तेलंगणाची, ही रद्दी. त्याच झपाट्यात घरचा कॉम्प्युटर आवरला आणि गणपतीसाठी लिहिलेलं स्वतःचं नाटकच उडवलं. कोठी बाजारातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, "साब, कुछ नै बचा."

बाबा जेवेनात. तेव्हा आईनं भाजी निवडता निवडता नाटकातला पहिला संवाद म्हटला. मग दुसरा.

"तुला पाठ आहे?"

"रोज मोठ्यानं वाचता, कानात बोळे घालू?"

बाबा डोळे पुसत टाइप करत गेले. शेवटी म्हणाले, "अगं, नायकाचं लांबलचक भाषण राहिलं."

"ते उडालं तेच बरं झालं," आई म्हणाली. "बाकीचं पेनड्राइव्हमध्ये घालून ठेवा."