मालक बाहेर आहेत

ज्ञानेश सर : ...ज्या कारखान्याला रोज मालक लागतो, तो कारखानाच नव्हे संतोषराव. ती टपरी!

लंकाबाई : बसायला मात्र माझी चहाची टपरीच लागती मालकांना. पाच दिस झाले.

संतोष : सर, ती पांढरी गाडी बघा. इन्स्पेक्टर आत जाऊन वीस मिनिटं झाली. जातो मी.

ज्ञानेश सर : बसा. आठ दिवस स्वतःच्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही. माझ्या कोर्सच्या फॉर्मवर तशी सही केलीय तुम्ही.

संतोष : तेव्हा इन्स्पेक्शनची तारीख कुठं ठाऊक होती? माल नापास झाला तर ऑर्डर पुण्याला जाणार. अकरा माणसं आहेत माझ्याकडे.

ज्ञानेश सर : चंदर फोरमन आहे ना आत?

संतोष : तेच म्हणतोय. एव्हाना यायला हवा होता.

ज्ञानेश सर : कशाला?

संतोष : सहज.

ज्ञानेश सर : खिशात काय वाजतंय?

संतोष : चावी. गेजच्या कपाटाची.

ज्ञानेश सर : मापाची सगळी हत्यारं ज्यात आहेत, त्या कपाटाची? सोमवारपासून?

संतोष : द्यायची विसरलो.

लंकाबाई : कशाचे इसरले? घटकाघटकाला काढून बघत्यात.

ज्ञानेश सर : लंकाबाई, चहा आत नेताय ना? ही चावी चंदरला द्या.

संतोष : नाही. तो मागायला येईल, मग मी स्वतः नेईन.

ज्ञानेश सर : आणि नाही आला तर?

संतोष : येईल. मापं काय बोटांनी घेणार?

ज्ञानेश सर : म्हणजे ऑर्डर गेली तर चालेल, तुमच्यावाचून मिळाली तर चालणार नाही.

संतोष : सतरा वर्षं काढलीत सर तिथं. मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा मी लेथवर होतो.

ज्ञानेश सर : चावी द्या.

संतोष : नाही देत.

लंकाबाई : तुमचं चालू द्या. माझा चहा निवतोय.

(लंकाबाई किटली घेऊन फाटकातून आत जाते. ती परत येईपर्यंत दोघे एकमेकांकडे बघत नाहीत.)

लंकाबाई : झालं. माल पास. सायेब लय खूश.

संतोष : पास? माझं विचारलं त्यांनी?

लंकाबाई : इचारलं की. चंदर म्हनला, मालक बाहेर हायेत. सायेब म्हनला, बरं.

संतोष : पण गेज? कपाट फोडलं काय?

लंकाबाई : फोडायचं कशाला? तुम्ही रोज सकाळी चावी फिरवायचे, म्हनून कुनी बोललं नाय. ते कुलूप दिवाळीपासून लागतच नाय.