शेव चाखणारी मावशी

इंदूरच्या पलासिया भागातल्या दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक मुलगी आणि तिची मावशी बसल्या होत्या. मावशीचे यजमान आत डॉक्टरांच्या खुर्चीत होते.

“मावशी, रागावू नकोस हं. टी-शर्टच्या कंपनीची ती चित्रांची कॉम्पिटिशन होती नं, त्यात माझं चित्र सिलेक्ट झालं.”

“अरे वा, श्रिया. मग रागावू कशाला?”

“चित्र बघ.”

“ही कोण बाई? एक डोळा मिटून दुकानात शेव चाखतेय. अगं, ही तर मीच आहे.”

“ते म्हणतात, जिचं चित्र आहे तिची परमिशन पाहिजे. आज शामपर्यंत, नाहीतर कॅन्सल.”

“मतलब, आख्ख्या इंदूरच्या छातीवर मी शेव खात फिरणार?”

“खात नाही, चाखतेयस. दुकानदार कसा घाबरलाय बघ.”

“घाबरायलाच पाहिजे. कालची शेव ताजी म्हणून देत होता. पण माझ्या हनुवटीला शेव का चिकटवलीस?”

“चिकटलेली असते, मावशी.”

“सही में? कधी कुणी सांगितलं नाही मला. साडी जांभळी कर. हनुवटी राहू दे. आणि पाठीमागे काय छापणार?”

“काही नाही. मागची बाजू कोरी आहे.”

“कोरी कशी? मी शेव घ्यायला जाते तेव्हा माझ्या मागे कोण असतं?”

“काका. थैली घेऊन.”

“मग काढ नं त्यांना तिथं.”

“पण मग काकांचीही परमिशन लागेल.”

“त्यांच्या तोंडात आत्ता कापूस कोंबलाय. जा, लगेच विचारून ये.”