टपावर दोन थापा

...आणि वर मलाच विचारतात, "तू जळतेस की काय?" मी! जळते! एका पिकअपवर! अहो, माझं वय बघा, तिचं वय बघा, आणि मग तोंड उघडा! मी जळत नाही, तुम्हाला सांगते. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे बोलताना माझा आवाज चढला तर गैरसमज नको. आमच्या घरात जो जळका वास येतो ना, तो वेल्डिंगचा. सहा महिने झाले, येतोच आहे.

आमचा काचेचा धंदा. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या काचा, माणसाएवढे आरसे. अडतीस वर्षं केला, आणि अडतीस वर्षं सगळा माल वाहिला तो या एकाच पिकअपनं. पुढे केबिनमध्ये एकच लांब बाकडं, मागे उघडा हौदा, हौद्यात लाकडी घोडी, घोडीला टेकवलेल्या काचा, आणि काचांना धरून कोण? मी! उभी! एक हात काचेला, एक हात केबिनच्या टपावर. हे पुढे बसून स्टिअरिंग फिरवणार, यांना मागचं काय दिसणार, कप्पाळ? म्हणून मी एक भाषा काढली. टपावर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांबा, आहात तिथं थांबा, श्वाससुद्धा घेऊ नका. तीन म्हणजे चला. कुणी शिकवली नाही मला, कुठल्या पुस्तकात नव्हती. पुस्तकं होती कुठं? शाळा चौथीत सुटली. माझं वाचन पक्कं झालं ते काचेच्या खोक्यांवरून. 'जपून हाताळा.' 'ही बाजू वर.' 'आपटू नये.' आजही मी कुणाचंही पत्र हातात घेतलं की आधी वरची बाजू कुठली ते बघते. पण अडतीस वर्षांत काच फुटली ती एक! एकच! आणि तीही यांनी फोडली, जमिनीवर उभं राहून, शिंक आली म्हणून! काचेच्या खोक्यावर 'जपून हाताळा' लिहिलेलं असायचं, माझ्या पाठीवर तेवढं लिहायचं कुणाला सुचलं नाही, असो.

मग गुडघे म्हणाले बास, आणि धंदा बंद केला. मला वाटलं, आता ही गाडी भंगारात जाईल आणि आम्ही दोघं जरा निवांत बसू. बसू म्हणजे काय, एकमेकांसमोर. अडतीस वर्षं हे पुढे आणि मी मागे, मी यांचा चेहरा बघितलाय किती? टप बघितलाय! त्या टपावर कुठं पोचा होता, कुठं रंग उडाला होता, हे मी डोळे मिटून सांगेन. यांच्या कपाळावर किती आठ्या आहेत ते विचारू नका.

पण बसतात कुठले! सकाळी उठले, चहाचा कप उचलला, की चालले तिच्याकडे. चहा माझ्या हातचा, प्यायचा तिच्याजवळ! मी जळत नाही, मला फक्त कप परत हवा असतो. सात कप होते, तीन राहिलेत. बाकीच्या चारांत नटबोल्ट ठेवलेत.

आता एक आतली गोष्ट सांगते. लग्न झाल्यापासून यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. 'अगं.' बस्, एवढंच. मी 'अगं' आणि ते 'अहो', बेचाळीस वर्षं संसार त्या दोन शब्दांवर चाललाय, तक्रार नाही. पण माझी आपली समजूत अशी, की या घरात 'अगं' म्हणजे मी, दुसरी कुणी नाही. तर एका दुपारी मी ओट्यापाशी, आणि बाहेरून आवाज आला, अगदी मऊ, लोण्यासारखा, "अगं... किती गं सोसलंस तू!"

तुम्हाला सांगते, माझी पळी पातेल्यातच राहिली. बेचाळीस वर्षांनी! गॅस बंद केला, हात पुसले, आरशात बघून केस सारखे केले, हो, केस सारखे केले, हसायचं काम नाही. बाहेर गेले आणि म्हटलं, "असू द्या हो. त्यात काय एवढं..."

तर हे गाडीखाली! नुसते पाय बाहेर! आणि खालून म्हणतात, "अख्खी चॅसी गंजलीय बिचारीची."

बिचारी! ती बिचारी! आणि मी तिथं उभी, केस विंचरून! त्या दिवशी पातेलं करपलं, आणि तो वास मात्र पातेल्याचाच होता. गॅस मी बंद केला नव्हता बहुतेक, मोठा केला होता.

बरं, गंज काढतायत तर काढू देत, म्हटलं म्हातारपणी हाताला चाळा हवा. पण मग आला तो मिस्त्री. गॅरेजवाला. बोलतो असा की मोठ्या दवाखान्यातला सर्जनच. "काकू, हिचे पाटे, खालच्या स्प्रिंगा हो, गेलेत. शॉकअप बदलू. उंची अर्धा फूट वाढवू. पुढच्या चाकांनाही जोर देऊ. पुढे एक दोराचं चाक बसवू, म्हणजे अडकली तर स्वतःच स्वतःला ओढून काढेल." मी म्हटलं, "आणि जायचंय कुठं एवढं करून?" तर हे, डोळ्यांत अशी चमक, पोरासारखी, "डोंगरावर!" डोंगरावर! रस्ता नाही तिथं! दगडधोंड्यांवरून! मुद्दाम! अहो, जी गाडी यांनी अडतीस वर्षं गतिरोधकावरून अशी नेली की हौद्यातल्या आरशातलं आभाळसुद्धा हलू नये, ती आता दगडावर आपटायची, आणि त्याला म्हणायचं छंद! त्यांचं एक टोळकंच आहे, रविवारी जुन्या गाड्या घेऊन खडकांवर चढतात, आणि वर पोचले की काय करतात माहितेय? खाली उतरतात!

आणि तिची हौस तर काय विचारता! नवे टायर, एकेक माझ्या कमरेएवढा. नवा रंग. टपाचा पोचे पडलेला पत्रा काढून नवा पत्रा. माझ्या गुडघ्यांना साधं तेल लावायचं तर म्हणतात, "वयोमानाप्रमाणे दुखणारच." ती आम्ही घेतली तेव्हाच जुनी, माझ्याहून फार तर चार-सहा वर्षांनी लहान, पण तिला नाही हो वयोमान! तिच्या सांध्यासांध्यात ग्रीस! बोटानं भरतात, प्रेमानं! मी जळत नाही. मी फक्त सांध्यांबद्दल बोलतेय.

पण बाकडं काढलं ना, तेव्हा मात्र मला लागलं. काचा पोचवून रिकाम्या परत यायचो तेव्हा मी पुढे बसायची, त्या बाकड्यावर, यांच्या शेजारी. बोलायचो नाही काही, दमलेलो असायचो. ते बाकडं भिंतीला उभं करून ठेवलं आणि त्या जागी दोन खुर्च्या आल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, विमानासारख्या. मी म्हटलं, ठीक आहे, दोन तर दोन, एक यांची, एक माझी. कुणी विचारलंही नाही तोवर मी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसून पट्टा मोजूनसुद्धा बघितला, पुरत होता. यांना म्हटलं, "पहिल्या चढाईला मी येणार हं." तर हे मिस्त्रीकडे बघतात, मिस्त्री पान्याकडे बघतो. "अगं, तिथं... बाई बसणार आहेत."

कोण बाई?

शिट्टीबाई!

समोरच्या गल्लीत राहते. शाळेत खेळ शिकवायची, आता निवृत्त, पण चालते अजून अशी की मागून चाळीस पोरं रांगेत येतायत. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि गुडघे? तिला गुडघे आहेत की नाही तेच कळत नाही! तर म्हणे डोंगरात गाडी चढवताना एकानं पुढे पायी चालायचं आणि हातानं खुणा करायच्या. डावं चाक या दगडावर, उजवं त्या खळग्यात, ये, ये, थांब. आणि गाडी चालवणाऱ्यानं फक्त त्याच माणसाचं ऐकायचं, का म्हणून विचारायचं नाही. नियम आहे! आणि हे काम या बाईचं! सपाट रस्त्यावर ती खुर्चीत बसणार, चढ आला की उतरून खुणा करणार.

गल्लीत सराव केला यांनी, विटा मांडून. मी खिडकीत. ती नुसतं बोट हलवते हो, एक बोट! आणि हे वळतात! ती तळवा दाखवते, हे थांबतात! "काका, डावीकडे." "हो बाई." "आता सरळ." "हो बाई." हो बाई! माझ्या बहिणीचं घर डावीकडे आहे, मी घसा फोडून सांगितलं होतं डावीकडे घ्या, डावीकडे घ्या, तर हे उजवीकडे घेऊन तीन गावं फिरून आले आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीनं घर हलवलंय." बेचाळीस वर्षांत माझ्या शब्दावर हा माणूस एकदा वळलेला नाही! आता तुम्ही म्हणाल, टपावरच्या थापा ऐकायचे की. ते काय हो, ते कामापुरतं. ते मी धरत नाही.

बरं. रविवार आला. सकाळी सगळे निघायच्या तयारीत, शिट्टीबाई खुर्चीत, पट्टा बांधून. पट्टा तिलाही पुरत होता. एवढ्यात मिस्त्री म्हणतो, "काका, हौदा रिकामा आहे. चढावर मागची चाकं नुसती फिरतील, वजन पाहिजे. वाळूची पोती टाकू." पोती होती दोनच. यांनी डोकं खाजवलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत.

"अगं, तू येतेस का मागं?"

मी म्हटलं, "कुठल्या अगंला विचारताय?"

"तुलाच गं. मिस्त्री म्हणतोय, वजन पाहिजे."

ऐकलंत? सहा महिन्यांनी आमंत्रण आलं, आणि ते वजन म्हणून! दुसरी कुणी असती तर पाय आपटत घरात गेली असती. मीही जाणार होते. पण मग खुर्चीतली ती शिट्टी चमकली उन्हात, आणि मी काय केलं माहितेय? चढले हौद्यात! गुडघे ओरडत होते, त्यांना म्हटलं गप्प बसा. दोन पोत्यांच्या मध्ये उभी राहिले, आणि हात आपोआप टपावर गेला. नवा पत्रा. गुळगुळीत. एक पोचा नाही ओळखीचा.

जुन्या खाणीमागचा तो चढ. मिस्त्री आणि बाकीचं टोळकं आधीच वर जाऊन बसलेलं, बघायला. शिट्टीबाई उतरली, पुढे गेली, बोटं सुरू. गाडी चढायला लागली. खोटं नाही बोलणार, चढली! दगडावर चाक ठेवायची, अंग तिरकं करायची, आणि हळूच वर. म्हातारी असून! मी मनात म्हटलंसुद्धा, शाब्बास गं. मनात हं. अर्ध्यावर आलो, सगळ्यात अवघड जागा, एका बाजूला खडक, एका बाजूला घळ. आणि तिथं, तिथं हो, या माणसानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "वा बाई! तुमच्या बोटात जादू आहे!"

माझी सटकली. मला काही सांगायचं नव्हतं, खूण नव्हती, काही नव्हतं, नुसता राग! हात उचलला आणि टपावर धाड! धाड!

गाडी थांबली.

अशी थांबली की वाळूचा कण हलला नाही. चढावर, मधोमध, दगडावर एक चाक. शिट्टीबाई पुढून हात हलवतेय, "या, या, काका या!" हे नाही हलत. तिनं शिट्टी फुंकली. नाही. वरून मिस्त्री बोंबलतोय, "काका, गाडी क्लचवर धरू नका, प्लेट जळेल! एक तर या नाहीतर ब्रेक दाबा!" हे ढिम्म. आणि मग मला यांचा आवाज ऐकू आला, खालून, केबिनमधून, अगदी शांत.

"मागून तीन आल्या नाहीत अजून."

तुम्हाला सांगते... माझा हात टपावर तसाच. समोर शिट्टीबाई, गाल फुगलेले, शिट्टीत फुंकतेय, आणि माझा माणूस माझ्या तीन थापांसाठी डोंगरावर थांबलाय. लगेच दिल्या का मी? छे! थोडी वाट बघायला लावली. आधी डोक्यावरचा रुमाल नीट बांधला. घळ बघितली. आभाळ बघितलं, छान होतं. क्लचचा वास यायला लागला तेव्हा म्हटलं बास, आणि सावकाश, एक... दोन... तीन.

आणि गाडी निघाली! पुढचा सगळा चढ यांनी शिट्टीबाईच्या बोटाकडे बघितलं नाही हो! घसरायला लागली, मी एक दिली, हळू झाले. खळगा आला, दोन दिल्या, थांबले. तीन, निघाले. थेट माथ्यावर!

वर सगळे टाळ्या वाजवत जमले. शिट्टीबाई धापा टाकत आली, म्हणजे तिलाही फुप्फुसं आहेत तर, आणि यांच्यावर बरसली. "काका, नियम काय ठरला होता? फक्त माझं ऐकायचं! मग मध्येच थांबलात का?"

मी हौद्यात, पोत्यावरची वाळू झटकण्यात गुंतलेली. अजिबात ऐकत नव्हते. कान नुसते तिकडे होते. केस सारखे केले होते, ते वाऱ्यामुळे.

हे खाली उतरले. रुमालानं मान पुसली. टपाकडे बघितलं. आणि म्हणाले, "काय करू बाई? दोन थापा पडल्या की माझा पाय आपला आपणच थांबतो."

मी वाळू झटकायची थांबले.

"मला वाटलं," हे म्हणाले, "मागे काच आहे."

काच!

आधी ती चार चाकांची, मग ती शिट्टीवाली, आणि आता काच! बरं, अजून कुणी राहिलं असेल तर आत्ताच सांगून टाका हो, म्हणजे एकदमच जळून घेते.