बोट लागलं

नाही, तुम्हीच सांगा, पोटच्या पोरीने आईच्या हाताशी आलेला कप असा घालवावा? आणि तोही माझ्या निवृत्तीच्या वर्षी? तुम्हाला सांगते, आमच्या छापखान्यात दरवर्षी कँटीनमध्ये टेबल टेनिसच्या मॅचेस होतात, दरवर्षी फायनलला मी आणि तो स्टोअरकीपर, आणि दरवर्षी तो जिंकून वर मलाच म्हणतो, "बाई, पुढच्या वर्षी बघू हं!" आता पुढचं वर्ष आणू कुठून?

तर यंदा पंच आजारी. म्हटलं, माझ्या लेकीला नियम तोंडपाठ आहेत, तिला बसवा. मनात म्हटलं, घरचाच पंच, देव पावला... कसलं काय! अहो, तिला ऑटिझम आहे, गोंगाट सोसत नाही, गोलमोल बोलणं कळत नाही. बरोबर ते बरोबर, चूक ते चूक, मधलं दुकान बंद! शेजारीण मुरकत विचारते, "बारीक झाले ना गं मी?" ही म्हणते, "नाही." झालं! आता ती शेजारीण आमच्याकडे साखर मागायलासुद्धा येत नाही.

ही खुर्चीवर बसली आणि आधीच सांगून टाकलं, "टाळ्यांनी माझे कान दुखतात. हात वर करून हलवा." आणि तुम्हाला सांगते, मशीनवरची ती आडदांड माणसं, आमचे साहेब, सगळे चिडीचूप! मला तिथेच भरून आलं, पण मॅच सुरू होत होती.

शेवटचा पॉइंट. मी असा फटका मारला की स्टोअरकीपर जागच्या जागी खिळला. जिंकले! मी बॅट उंचावली, आणि ही शांतपणे म्हणते, "आईच्या डाव्या हाताचं बोट टेबलाला लागलं. पॉइंट त्यांचा."

अहो, तो स्टोअरकीपरसुद्धा विरघळला. म्हणाला, "जाऊ दे गं, मी नाही पाहिलं."

"मी पाहिलं," ही म्हणाली.

मधलं दुकान बंद! बरोबरी झाली, पुढचे दोन्ही पॉइंट त्याने घेतले, आणि मी हरले. पण कप देताना सगळं कँटीन हात वर करून हलवत होतं ना, ते त्याच्याकडे बघून नाही, माझ्या लेकीकडे बघून! आणि साहेब म्हणाले, यापुढे कायमची पंच हीच. माझी मान अशी ताठ झाली की जिंकणारी मीच वाटावी.

घरी जाताना भीत भीत विचारलं, "मी खेळले कशी गं?"

एकेक पॉइंट बोटांवर आठवून पाहिला तिने. म्हणाली, "आज तू त्यांच्यापेक्षा चांगली खेळलीस."

ही कुणाचं मन राखायला बोलत नाही हो... हिच्या तोंडून आलेलं कौतुक म्हणजे बावनकशी सोनं. मला रस्ताच दिसेना. डोळे पुसत लाडात येऊन म्हटलं, "मग तो पॉइंट द्यायचास ना आईला!"

"नाही. बोट लागलं."

मधलं दुकान बंद. आणि खरं सांगू... लागलं होतं हो बोट.