कानापर्यंतचा हात

(जून १९५९. तिरुवल्लिकेणीतली एक प्राथमिक शाळा. हेडमास्तर पद्मनाभरावांच्या टेबलासमोर धनलक्ष्मी आणि तिची मुलगी तुळसी.)

धनलक्ष्मी : खोटारडे आहेत ते सरकारवाले! भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून गेले. सगळी पोरं शाळेत घाला, फी नको, दुपारचं जेवण देतों. आणि माझ्या पोरीला तुम्ही माघारी लावतां!

पद्मनाभराव : हळू बोल. पाच वर्षं पुरी झालेलं मूल घ्या, असा हुकूम आहे. तुळसीला पाच झाली नाहीत.

धनलक्ष्मी : कोण म्हणतो?

पद्मनाभराव : तिचा हात म्हणतो. उजवा हात डोक्यावरनं नेऊन डावा कान धरायचा. धरता आला तर पाच झाली. दोनदा बघितलं तुझ्यासमोर. बोटं वरच राहिली.

धनलक्ष्मी : अय्यो, अण्णा! तंजावराकडे ते मोठं वादळ झालं, आमचं छप्पर उडालं, त्या आठवड्यात ही झाली. तुम्हीही तिकडचेच. मोजा की!

पद्मनाभराव : मोजता येतं मला. बावन्न सालचं वादळ ते. दाखला आण.

धनलक्ष्मी : छप्पर राहिलं नाही, तिथं कागद कुठला?

पद्मनाभराव : मग इन्स्पेक्टर आला, एवढीशी पोर कशी घेतली म्हणाला, तर त्याला वादळ सांगू?

धनलक्ष्मी : सांगा! भितां काय म्हणून? नावं घालायचा आज शेवटचा दिवस. नाही घातलंत तर उद्यापासून ही माझ्याबरोबर मॅन्शनात, त्या एकट्या बाप्यांच्या खोल्यांत, भांडी घासणार. एकदा हात राखेत गेला, की पुढच्या साली कोण सोडतो हिला?

पद्मनाभराव : मलाही एक सांग. तुझ्या अमरसिंहाचं नाव आत्ताच घातलं. तो हिच्याहून लहान ना?

धनलक्ष्मी : दीड वर्षानं.

पद्मनाभराव : त्याचा हात पोचला. एकाच घरातली पोरं. ताटं कशी वाढतेस तू?

तुळसी : मला कांजीच आवडते, सर.

धनलक्ष्मी : गप, तुळसी. ...खरं आहे. भात आधी त्याला. माझ्या आईनंही तसंच वाढलं. चूक माझी, लिहून ठेवा. पण अण्णा, हात वाढायला भात पाहिजे. तो तुमच्या शाळेत शिजतो, वास रस्त्यापर्यंत येतो. आणि शाळेत यायला आधी हात वाढायला पाहिजे. हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?

पद्मनाभराव : वरच्यांच्या.

धनलक्ष्मी : वरच्यांनी कानाचं लिहिलंय? काढा तो कागद. मला वाचतां येत नाही, तुम्ही वाचा.

पद्मनाभराव : ...कागदात पाच वर्षं एवढंच आहे. कानाचं आमचंच. माझ्या आधीचे हेडमास्तर तसंच बघायचे.

धनलक्ष्मी : मग वादळापासून मोजा, अण्णा. हिला ऐकूं जाईल असं सांगा. किती वर्षांची आहे ही?